डोहाळ्यांचा डबा

खालापूर,
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

जिजाताई,

तुझ्या पाया पडते, इथूनच. फोन लावून लावून थकले. तुला रेंज मिळायची तर तू कशेळ्याच्या बाजारात यायला हवीस, आणि तू बाजारात असतेस तेव्हा मी सेंटरवर. म्हणून पत्र. विठूचा भाजीचा टेंपो दर शनिवारी तुमच्याकडून इकडे येतो नि संध्याकाळी परत जातो, त्याच्याच हाती हा डबा पाठवतेय.

आधी माझी बातमी ऐक. अठ्ठ्याहत्तर किलोवरून सदुसष्टवर आले. लग्नातलं पोलकं हुडकून काढलं, बसतंय. योगेंद्र म्हणतो, बायको बदलून आणली की काय. एसटी स्टँडमागच्या गाळ्यात आमचं सेंटर आहे ना, तिथे सकाळी सहाला तीस-तीस बायका येतात. काट्यावर उभ्या राहतात, जिचं वजन उतरलं तिला सगळ्या टाळ्या. सकाळी शेक, रात्री जेवणाऐवजी शेक, मधे हिरव्या चहाची पावडर गरम पाण्यात. भूक म्हणून लागत नाही, आणि अंगात नुसती वीज खेळते.

दिवाळीत सुनील रूपालीला घेऊन सेंटरवर आला होता. तुझी सून किती वाळलीय गं. सहावा चालू आहे आणि मनगटं काडीसारखी. आमच्या सेंटरच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, हीच पावडर जाड्याला उतरवते आणि बारक्याला भरते. पाण्यात घेतली की उतरतं, दुधात घेतली की चढतं. डब्यात एक मोठी डबी घातलीय, व्हॅनिलाची. रोज दोन चमचे, दुधात. पैशाचं मनात आणू नकोस.

तुझी,
तेजू


वाडीवरून,
शनिवार, १६ नोव्हेंबर

चि. तेजू,

सुखात अस. डबी परत पाठवलीय, सील फोडलेलं नाय, मोजून बघ.

पाण्यात उतरतं आणि दुधात चढतं, मग चहात घातलं तर जागच्या जागी राहतं काय गं? वीस वर्षं मी अंगणवाडीत बायांची आणि पोरांची वजनं करते. माझ्या काट्यावर वजन चढलं नाय की मला घास गिळवत नाय, आणि तुमी उतरलं की टाळ्या वाजवता. ज्याचा त्याचा धंदा. पण तुझ्या सेंटरातलं काय माझ्या सुनेच्या पोटात जायचं नाय, हे एकदाच लिहिते.

रूपाली त्रेचाळीस किलो सहाशे ग्रॅम हाय. वाडीतल्या असल्या बाईच्या नावापुढं मी रजिस्टरात लाल शाई लावते, आणि आता माझ्याच घरात लाल शाई. बाया तोंडावर बोलत नाय, पाठीमागं बोलतात. बोलू दे. माझी पहिली पोर कशानं गेली ते तुला ठाऊक हाय. तू आठ वर्षांची होतीस, पण तूच तिला मांडीवर घेऊन बसलेलीस. दीड किलोची होती. सुनीलचं पोर तसं यायला नको, एवढंच माझं मागणं हाय, दुसरं काय नाय.

मावशी म्हणून काय करायची हौसच असंल तर आई करायची तसे डोहाळ्यांचे लाडू करून धाड. नाचणी, खारीक, सुकं खोबरं, गूळ, घरचं तूप. तुझा हात आईसारखा हाय, माझा नाय, हे कबूल करते.

डबा भरलेला आला तो भरूनच जातो, आईची शिकवण हाय. नवा तांदूळ घातलाय.

जिजा


खालापूर,
शनिवार, २३ नोव्हेंबर

जिजाताई,

एका डबीवरून केवढं बोललीस. आमच्या मॅडमच्या हाताखाली दोनशे बायका आहेत, त्या काय सगळ्या येड्या आहेत? असो. तुझ्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय.

लाडू केलेत, पन्नास. माप आईचंच. फक्त एक जिन्नस माझ्या मनाने जास्तीचा घातलाय, ताकदीचा. कुठला ते आता विचारू नकोस. रूपालीचं वजन वाढलं की मी स्वतः येऊन सांगेन, आणि त्या दिवशी तुला माझं ऐकावं लागेल. रोज दोन, सकाळी एक, संध्याकाळी एक.

तांदळाचा भात करून योगेंद्रला वाढला. मी नाही खाल्ला, मला भात बंद आहे. पण वास घेतला.

तेजू


वाडीवरून,
शनिवार, ७ डिसेंबर

चि. तेजू,

लाडू पोचले. मागच्या शनिवारी विठूचा टेंपो बंद होता म्हणून उशीर. रूपालीला लई आवडले, आइस्क्रीमचा वास येतो म्हणते. तुझा जास्तीचा जिन्नस मी ओळखला बरं का. जायफळ. जरा जास्त पडलंय, पण चालतंय.

वजन मात्र हललं नाय, शंभर ग्रॅमनं खालीच आलं. त्रेचाळीस पाचशे. काट्याला दोष देऊन मी स्वतः उभी राहिले, वाडीतल्या पोशा माळ्याला उभा केला, काटा बरोबर हाय. एक लाडू खाल्ला की तिचं पोट भरतं, मग भाकर अर्धी राहते. आणि थकते लई. विहिरीवरून एक हंडा आणला की ओट्यावर टेकते. सातवा लागलाय, थकवा असतो, पण माझं मन घट्ट होत नाय.

नाचणीचं पीठ घातलंय, पुढच्या लाडवांना होईल.

जिजा


खालापूर,
शनिवार, १४ डिसेंबर

जिजाताई,

घाबरू नकोस. पहिले पंधरा दिवस शरीर आतून साफ होतं, मग वजन धरतं. आमच्याकडे असंच असतं.

या खेपेला साठ लाडू आहेत. थकवा येतो त्याच्यावरचाही उपाय त्यात घातलाय. दोनाऐवजी तीन दे. बघ, आठ दिवसांत हंडा काय, कळशीसकट आणेल. मी स्वतः त्याच्यावरच चालते. पहाटे चारला उठते, पापणीला पापणी लागली नाही तरी दिवसभर पाय जमिनीला लागत नाहीत.

त्रेसष्ट झालं माझं. मॅडम म्हणाल्या, साठला आलीस की स्टेजवर हार घालू.

तेजू


वाडीवरून,
शनिवार, २८ डिसेंबर

तेजू,

आज गोड बोलायचं डोकं नाय माझं.

रूपाली बेचाळीस सातशे. सातव्या महिन्यात बाई वाढते, ही उतरतेय. रात्र रात्र जागी. छातीवर हात ठेवून बसते, म्हणते आत काय तरी धावतंय. हात कापतात, काल चहाची कपबशी फोडली. आणि जेवायला बसवलं की अर्धी भाकर, पुढं नको म्हणते, भूकच नाय. उरलेली मागच्या दारी कुत्र्याला घालताना मी पकडली.

मी येडी नाय. वीस वर्षं बायांच्या ताटाकडं बघते. भूक मरते, झोप नाय, वजन उतरतं, ही लक्षणं तूच मला पत्रात लिहून पाठवलीस, तुझी म्हणून. दिवाळीत ती तुझ्या सेंटरवर आली होती. बाळंतपणात अंग सुटायला नको म्हणून या पोरी काय काय करतात, मला कळतं. खरं सांग, तू तिला चोरून ती डबी दिलीस का? दिली असलीस तर आत्ता सांग. मी रागावणार नाय. तुझ्या पाया पडते, मोठी असून.

डब्यात सुकी करंदी हाय, कालवणाला.

जिजा


खालापूर,
शनिवार, ४ जानेवारी २०२५

जिजाताई,

तुझं पत्र वाचून कसंसंच झालं. मी रूपालीला एक डबी दिलेली नाही. दिवाळीत दिली नाही, त्यानंतर दिली नाही. आईची शपथ घेऊन सांगते. तिने दुसरीकडून घेतली असेल तर मला माहीत नाही, पण माझ्या हातून तिला डबी गेलेली नाही.

बहिणीवर असा संशय घेतेस? पहिलटकरणीला होतं असं, धडधड, झोप नाही. उगाच पोरीच्या मागे लागू नकोस. लाडू मात्र चुकवू देऊ नकोस, त्यानेच निभेल. चाळीस पाठवतेय.

माझे पण हात जरा कापतात हल्ली, अक्षर तिरकं आलंय. थंडी आहे.

तेजू


वाडीवरून,
शनिवार, ११ जानेवारी

चि. तेजू,

आईची शपथ घेतलीस, माझा तुझ्यावर विश्वास बसला. तुझ्यावर नसत्या शंका घेतल्या, लाज वाटते. मग उरली कोण?

रविवारी मी रूपालीची पेटी उघडली. सगळं बाहेर काढलं, साड्या झटकल्या, पत्र्याच्या खणात हात घातला. काय मिळालं नाय. शेजारची आनंदीबाई आवाज ऐकून आली, तिच्यासमोर मी सुनेला पोटावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की मी वजन उतरवायचं काय खात-पीत नाय. तिनं घेतली. रडत म्हणाली, "आत्या, मी तुमच्या हातचं खाते आणि मावशीचे लाडू. मावशीचा लाडू खाल्ला की मग धडधडतं, भूक मरते. मी कधीपासून सांगतेय." मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या हाताला नावं ठेवू नको, माझी आई गेल्यापासून तसे लाडू कोणी केले नाय. आनंदीबाईसमोर बोलले. मग पोरीनं साड्या उचलून पेटीत परत भरल्या.

आता मी स्वतः समोर बसते. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, माझ्या डोळ्यांदेखत चार लाडू संपल्याशिवाय उठू देत नाय. डोळ्यांतून पाणी येतं पण खाते.

तरी बेचाळीस शंभर.

गुरुवारी सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोर महिन्याच्या मानानं बारीक हाय, आईची नाडी फार पळतेय. खाण्यात काय असतं, विचारलं. मी म्हटलं, सगळं घरचं. पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी सांगितलीय.

तेजू, मला भीती वाटते गं. तुझ्यापाशी बोलते, सुनीलपाशी बोलता येत नाय.

डब्यात वालाच्या शेंगा हायत, पहिल्या तोडीच्या.

जिजा


खालापूर,
बुधवार, १५ जानेवारी

ताई,

हे पत्र शनिवारची वाट बघणारं नाही. योगेंद्रला भाड्याच्या जीपने पाठवतेय. सकाळपासून तुला नऊ वेळा फोन केला, लागत नाही. वाचायच्या आधी रूपालीच्या हातातला लाडू काढून घे. घरात असतील तेवढे सगळे डब्यात भर, एक पण खाऊ देऊ नकोस, कुत्र्याला पण घालू नकोस. मग वाच.

जायफळ नव्हतं. व्हॅनिलाची पावडर होती, तीच, जी तू परत पाठवलीस. पहिल्या पन्नासांत ती एकटीच होती. तू लिहिलंस ती थकते, म्हणून पुढच्यांत मी हिरव्या चहाची पावडर पण घातली, लाडवामागे पाऊण चमचा. मी डबी दिली नाही असं लिहिलं ते खरं होतं आणि ते लिहिताना मला माहीत होतं मी काय करतेय. आईची शपथ त्याच्यावर घेतली.

आज सकाळी सेंटरवर काट्यावर उभी होते. एकसष्ट दोनशे. बायका टाळ्या वाजवत होत्या, त्या ऐकू येईनाशा झाल्या आणि मी पडले. आता दवाखान्यात सलाईन लागलंय. माझी नाडी एकशे चौतीस. डॉक्टरांनी विचारलं काय काय घेता. सांगितलं. ते म्हणाले, चहाच्या नावाखाली त्यात धडधड वाढवणारं भरपूर आहे, वजन गेलं ते उपाशी राहिल्यामुळे गेलं, पावडरीची जादू कसली. जेवायला लागलात की परत येईल. मी विचारलं, गरोदर बाईने खाल्लं तर? ते म्हणाले, तिला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते तिथे दाखवा.

ताई, डबीवर लिहिलेलं आहे. बारीक अक्षरात, गरोदर स्त्रियांनी घेऊ नये. चौदा महिने विकतेय. वाचलं नव्हतं असं लिहायला घेतलं होतं, पण वाचलं होतं. वाटलं, असं सगळ्यांवरच लिहितात, कंपनीला लिहावं लागतं. मला फक्त एकदा तुला दाखवायचं होतं की मलाही काही कळतं. तू काटा घेऊन घरोघर जातेस, तुला अख्खी वाडी मानते. मला पण कुणीतरी मानावं असं वाटायचं. सेंटरवर मानत होते.

दोन्ही डब्यांची लेबलं सोलून सोबत दिलीत. डॉक्टरांना दे. काय लपवू नकोस, माझं नाव सांग.

रूपाली खरं बोलत होती.

तेजश्री


वाडीवरून,
शनिवार, ८ फेब्रुवारी

तेजश्री,

तुझी चार पत्रं आली, सगळ्यांत एकच विचारलंयस. उत्तर द्यायला आज हात मोकळा झाला.

योगेंद्रराव आले तेव्हा रूपाली ओट्यावर बसली होती, हातात लाडू होता, त्या दिवसाचा तिसरा. समोर मी. तुझ्या पत्रातली पहिली ओळ वाचली आणि तिच्या हातातून लाडू हिसकावला. ती दचकली, तिला वाटलं आता आणखी काय चुकलं.

त्याच जीपनं कर्जत, तिथून पनवेल. लेबलं कामी आली, तेवढं तुला सांगायला पायजे. नऊ दिवस तिला निजवून ठेवली. नाडी उतरली, भाकर खायला लागली. मग चोवीस तारखेला पोट दुखायला लागलं. आठवा सरता सरता झाली. मुलगी हाय. एक किलो सातशे चाळीस.

तेरा दिवस काचेच्या पेटीत होती. परवा घरी आणलीय. काल माझ्या काट्यावर एक किलो आठशे वीस भरली. दूध ओढते. डॉक्टर म्हणाले, लाडवांनीच लवकर झाली असं छातीठोक सांगता येत नाय, आई मुळातच अशक्त होती. पण ज्या दिवसांत दोन घास जास्त जायला हवे होते त्या दिवसांत भूक मारली, झोप मारली, हे वाईटच झालं. म्हणजे तुला थोडं सुटता येईल. मला नाय सुटता येत. तू डब्यात घातलंस, पण एकेक करून भरवलं मी. ती सांगत असताना भरवलं. मी जिला लाल शाई लावली तिचंच ऐकलं नाय.

पोर पेटीत असताना, पाचव्या दिवशी, मी रूपालीला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं, तुझ्या सलाईनसकट. तिनं नीट ऐकलं. मग एवढंच विचारलं, "आत्या, म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?" मी पाय धरायला वाकले तर तिनं पाय पोटाशी ओढून घेतले.

विठू सांगत होता तुझा गाळा बंद दिसला. बंद केलास की दुसरीकडं उघडलास, ते विचारत नाय. तुझ्या त्या तीस बायांत कोण पोटुशी असंल तर तिच्या घरी आजच जा, हे मात्र सांगते.

बारसं पोर अडीच किलोची झाली की करू. तू ये. रागानं लिहीत नाय, ये. पण येताना हातात काय आणू नको. रूपालीसमोर खाली बस आणि मला लिहिलंस ते तिला तोंडानं सांग. तिला शपथ घ्यायला लावली ती आनंदीबाईसमोर, म्हणून आनंदीबाईलाही मी बोलावून ठेवणार हाय. आधी मी बोलेन, मग तू.

डबा विठूकडं दिलाय. घासून उन्हात वाळवलाय. उघडून बघू नको, आत काय नाय.

जिजा